माती पारखण्याची कोलुमेलाची रीत

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आजच्या स्पेनमधील कादिझ येथे जन्मलेल्या आणि पुढे रोमच्या आसपास स्वतः जमीन कसलेल्या कोलुमेलाने शेतीवर बारा भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात माती पारखण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांना कुदळ, पाणी आणि एखादे भांडे यांपलीकडे काही लागत नाही. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नये, हे तो आधीच बजावतो.

प्रथम एक लहान ढेकूळ घ्यावे, थोडे पाणी शिंपडून ते हाताने मळावे. माती बोटांना चिकटून डांबरासारखी तार धरू लागली आणि जमिनीवर आपटल्यावरही विखुरली नाही, तर ती कसदार समजावी.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरे होईल. मात्र निघालेली माती गोणपाटावर काढावी, कारण ओंजळभर माती इकडेतिकडे सांडली तरी निकाल फिरतो. तीच माती पुन्हा खड्ड्यात भरून पायाने तुडवावी. माती उरली तर जमीन भारी, खड्डा रिता राहिला तर हलकी, बरोबर भरला तर मध्यम. मात्र ही कसोटी पुरती खात्रीची नाही, पिकाच्या उताऱ्यावरून पारख अधिक चांगली होते, असेही तो सुचवतो. ओलीने फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आपल्याकडील काळ्या रानात तर हा इशारा विशेष ध्यानात ठेवावा.

खारटपणा पाहण्यासाठी तो शेतातील सर्वांत नावडत्या भागातली ढेकळे गोड्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून चाखायला सांगतो. नमुना वाईट कोपऱ्यातून घेण्याची सूचना मार्मिक आहे. चाखण्याचे मात्र आज टाळावे. रानात कीटकनाशके आणि सांडपाणी मुरलेले असू शकते. त्या भागाचा नमुना वेगळ्या पिशवीत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवालात सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) व विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) पाहावी.

नांगरटीबाबत तो फार कडक आहे. चिखल असताना नांगरलेले रान वर्षभर मशागतीला येत नाही, आणि दीर्घ उघडिपीनंतरच्या हलक्या सरीने वर भिजलेले पण खाली कोरडे राहिलेले रान नांगरले तर ते तीन वर्षे वांझ राहते, असे तो लिहितो. तीन वर्षांचा हिशेब कोणी शब्दशः घेऊ नये. पण नांगर घालण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी वीतभर उकरून ओल कुठवर गेली आहे, हे जरूर पाहावे.