मणका दबला तर एक्स-रे, एमआरआयचे पैसे विम्यातून कसे मिळवायचे: इंदूरच्या घरांसाठी

हाडं ठिसूळ झाली असतील तर मणका दबायला पडावंच लागतं असं नाही. भरलेली बादली उचलली, गादी उलटली, जोरात खोकला आला, एवढंही पुरतं. असे दबलेले मणके साधारण तीनांपैकी दोनदा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. कंबर धरली म्हणून बाम चोळला जातो आणि उंची मात्र कमी होत जाते. तपासणीचा विषय निघाला की घरात लगेच पुढचा प्रश्न येतो, मेडिक्लेममधून मिळतील का?

ओपीडीत काढलेल्या एक्स-रेचे किंवा एमआरआयचे पैसे साधी पॉलिसी देत नाही. तपासणी भरतीशी जोडलेली असेल, पॉलिसीत ओपीडी कव्हर वेगळं घेतलेलं असेल किंवा सरकारी योजना लागू असेल, तरच ते मिळतात. त्यामुळे मशीनखाली जाण्याआधी हातात काय कागद आहे, यावर क्लेमचं निम्मं भवितव्य ठरतं.

पर्च्यावर काय हवं

'एलएस स्पाइन एक्स-रे, बॅकएक', म्हणजे कमरेचा एक्स-रे, पाठदुखी, एवढाच मजकूर असलेला पर्चा (डॉक्टरांची चिठ्ठी) कमकुवत. शिवाय तो वैद्यकीयदृष्ट्याही अपुरा, कारण दबलेले मणके जास्त करून डी१२–एल१ च्या सांध्यावर (डी म्हणजे डॉर्सल, पाठीचे मणके; एल म्हणजे लंबर, कमरेचे) आणि पाठीच्या मध्यावर, डी७–डी८ च्या आसपास सापडतात. फक्त कमरेचा फोटो काढला तर वरचे निसटतात. म्हणून डॉर्सल आणि लंबर, दोन्हींचा बाजूने काढलेला, म्हणजे लॅटरल, एक्स-रे लिहून घ्या.

कारणही त्यावरच हवं: तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमीपेक्षा जास्त घटली, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५ मिग्रॅ किंवा जास्त, तीन महिने घेतलं, आधी फ्रॅक्चर झालं होतं, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला, यांपैकी जे खरं असेल ते. तारीख तपासणीच्या आधीची असावी. स्कॅन आधी आणि पर्चा नंतर, हा क्रम दिसला की बिल बाजूला पडतं.

एमआरआयचं कारण वेगळं लिहावं लागतं. मणका दबलाय हे एक्स-रेनेच कळतं. तो ताजा आहे की जुना, हे एमआरआयच्या स्टर (STIR) या खास प्रकारच्या प्रतिमेत हाडातली सूज दिसली की कळतं, आणि टीबी, गाठ किंवा नसेवरचा दाब यांचा उलगडाही तिथेच होतो. डॉक्टरांनी यातली शंका शब्दांत मांडली असेल तर 'गरज काय होती' ही टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) विचारणा येण्याआधीच उत्तर तयार असतं. नुसत्या डेक्सावरून फ्रॅक्चर कळत नाही. त्याच मशीनवर व्हीएफए ही मणक्यांची बाजूची प्रतिमा वेगळी सांगून काढावी लागते.

रिपोर्ट घेताना काउंटरवरच वाचा. कोणता मणका, उंची किती टक्के घटली (२० ते २५ सौम्य, ४० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र), ताजा की जुना, मणक्याची मागची भिंत शाबूत आहे का, एवढं त्यात हवं. 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (वयोमानाची झीज) म्हणून मोकळं केलेला रिपोर्ट क्लेमला काही कामाचा नाही. रेडिओलॉजिस्टना पुन्हा प्रतिमा पाहून पुरवणी लिहायची विनंती करता येते, त्यात भीड बाळगू नका.

दिवस मोजा

भरतीआधीच्या तपासण्या आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत ३० दिवसांपर्यंत आणि सुट्टीनंतरच्या (डिस्चार्जनंतरच्या) ६० दिवसांपर्यंत धरतात. बऱ्याच इतर पॉलिसींत मुदत जास्त असते. एमआरआय २ मार्चला आणि व्हर्टिब्रोप्लास्टीसाठी (दबलेल्या मणक्यात सिमेंट भरणं) भरती ५ एप्रिलला, म्हणजे ३४ दिवस झाले. ३० दिवसांच्या पॉलिसीत ते बिल गेलं. ऑपरेशन ठरतच असेल तर डॉक्टरांशी तारखेचं बोलून घ्या. भरतीचं निदान आणि स्कॅनचं निदान एकच असावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

'एक दिवस भरती करून घेऊ, एमआरआय निघून जाईल' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. केवळ तपासणीसाठीची भरती हा सगळ्या पॉलिसींतला मानक अपवाद आहे. अशा क्लेममध्ये एमआरआयबरोबर खोलीभाडंही अंगावर येतं.

प्रतीक्षा काळ

खरी अडचण इथे आहे. वयामुळे होणारा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, बहुतेक पॉलिसींत ठरावीक आजारांच्या यादीत असतो; पॉलिसी घेतल्यावर काही काळ त्यांचे पैसे मिळत नाहीत. २०२४ च्या नियमांनुसार प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने. अपघाताला ही अट लागू नाही. म्हणून आई न्हाणीघरात घसरली असेल तर केव्हा, कुठे, कशी पडली हे पहिल्याच केस पेपरवर लिहून घ्या. कंपनी ते फ्रॅक्चर एम८० या आजाराच्या कोडखाली, म्हणजे हाडांच्या आजाराने मोडलेलं, असं ओढेल. डॉक्टरांना पडण्यानेच मोडलं असं वाटत असेल तर एस२२.० (पाठीचा मणका) किंवा एस३२.० (कमरेचा मणका) हा दुखापतीचा कोड आणि तसं पत्र त्यांनीच द्यायला हवं. ऑस्टिओपोरोसिस लपवायला मात्र सांगू नका. डेक्साचा जुना रिपोर्ट कुठून तरी निघतोच, आणि मग सगळा क्लेम संशयात जातो.

'तीन वर्षांपासून पाठदुखी' हे वाक्य रेसिडेंट डॉक्टर सवयीने लिहून टाकतात. दुखणं तीन आठवड्यांचं असेल तर सुट्टीच्या कागदावर सही होण्याआधी दुरुस्त करून घ्या.

आपल्याकडचा खास घोटाळा नावाचा. पॉलिसीवर मराठी पद्धतीचं तिहेरी नाव, आधारवर मध्य प्रदेशातल्या रिवाजाप्रमाणे दुहेरी, आणि सेंटरच्या बिलावर आणखी तिसरंच. बिल बनतानाच पॉलिसीतलं नाव सांगा. कमरेचा पट्टा मात्र साधारणपणे खिशातूनच जातो, तो न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे.

सत्तरी ओलांडली असेल तर

आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत (घरात असे दोघं असतील तर दोघांत मिळून) संरक्षण आहे आणि जुन्या आजारांना प्रतीक्षा नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना (माजी सैनिकांची योजना) एक निवडावं लागतं. ओपीडी मात्र यातही नाही, आणि भरतीआधीचे फक्त ३ दिवस धरतात. पहिला एक्स-रे एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत काढणं त्यामुळे सोयीचं. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा) नोंद असलेल्यांनी नंदानगरच्या रुग्णालयातून सुरुवात करावी.

नाकारलं तर

कारण लेखी मागा, कलमासकट. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पर्चा, रिपोर्ट, बिल, सुट्टीचा कागद आणि डॉक्टरांचं पत्र जोडून लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मध्य प्रदेशासाठी विमा लोकपालाचं कार्यालय भोपाळला आहे. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं.