मित्राचं अर्धवट राहिलेलं मिनिएचर रंगवताना

गेलेल्या मित्राच्या आठवणीत मिनिएचर, म्हणजे हाताने रंगवायचा छोटासा पुतळा, रंगवायचं असेल तर नवं आणू नका. घरचे देत असतील तर त्याचंच अर्धवट राहिलेलं घ्या. आणि त्याने दिलेला रंग उतरवू नका. माझ्याकडे आलेल्या २८ मिमी भालाईताच्या डोळ्याची एक बाहुली जरा वर सरकलेली होती. ती तशीच ठेवली. त्याचे सगळेच शिपाई आभाळाकडे बघायचे!

आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने हलकेच पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लांबच ठेवा, ॲक्रिलिक रंग सुटून येतो. वाळल्यावर मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा पातळ हात द्या नि एक दिवस थांबा. आता तुमचा हात चुकला तरी ओल्या ब्रशने लगेच पुसता येतं, खालचं त्याचं काम शाबूत राहतं. वार्निश ब्रशनेच लावा. दमट हवेत स्प्रे पांढरट पडतो.

रंग जुळवताना डबीवरच्या नावावर जाऊ नका. बेसच्या, म्हणजे पुतळ्याखालच्या बैठकीच्या, तळाला ठिपका देऊन वाळल्यावर बघा, ॲक्रिलिक बहुधा थोडं गडद होतं.

नावं तिथेच, तळाला लिहा. आधी त्याचं, खाली तुमचं.