आवाज गेला म्हणून पॉवरचं बटण दाबू नका : अपडेटच्या दिवशी या चुका टाळा

"भाऊ, मन्हा लॅपटॉप मुका व्हई गया." यावलहून मित्राचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. भरतीच्या ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. तो माझ्यासारखाच पूर्ण अंध, आणि घरात त्या वेळी डोळस माणूस कुणी नाही. मी त्याला म्हटलं, "लॅपटॉपच्या कडेला जिथून गरम हवा येते ना, तिथं फोन धर." त्यानं धरला. पंखा मध्येच जोरात, मध्येच हळू फिरत होता, मला भुसावळला बसून ऐकू येत होतं. मशीन जिवंत होतं, विंडोजचं अपडेट चाललं होतं. पण मला फोन करायच्या आधी त्यानं पॉवरचं बटण दाबून धरून ते दोनदा बंद केलं होतं. अर्धवट बसलेलं अपडेट मागे घेण्यातच विंडोजनं पुढचे दोन तास घालवले.

आपल्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. शांतता म्हणजे बिघाड, असं आपण धरून चालतो. रीस्टार्टनंतर अपडेट बसत असतं तेव्हा एनव्हीडीए, जॉज, नॅरेटर या पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरांपैकी काहीच सुरू झालेलं नसतं. डोळस माणसाला पडद्यावर "इतके टक्के झालं, कॉम्प्युटर बंद करू नका" असं दिसतं. आपल्यापर्यंत त्यातलं अक्षरही पोचत नाही, आणि हे मला आजही खटकतं. तेवढ्या पडद्यापुरता एखादा साधा आवाज ठेवणं अशक्य नाही. तोवर आपल्याकडे हात आणि कान आहेत. हवा गरम लागतेय का, पंखा बदलत्या वेगानं फिरतोय का, जुन्या हार्ड डिस्कची खरखर येतेय का, ते बघा. स्मार्टफोनवर सीइंग एआय किंवा बी माय आइज ही ॲप असतील तर फोन पडद्यासमोर धरला की मजकूर वाचून मिळतो. बी माय आइजवर व्हिडिओ कॉल करून डोळस स्वयंसेवकालाही विचारता येतं. माझ्या अनुभवात दर महिन्याचं अपडेट अर्ध्या तासात आटोपतं, पण जुन्या हार्ड डिस्कवर विंडोजची नवी आवृत्ती बसायला तीन तासही गेलेत.

मशीन चार्जरला लावलेलं हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी यूपीएस नसेल तर अपडेटला भर दुपारी हात घालू नये.

दुसरी चूक अपडेटची वेळ विंडोजवर सोडण्याची. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. म्हणजे त्या मंगळवारच्या रात्रीपासून पुढचे दोन-तीन दिवस तुमचा कॉम्प्युटर रीस्टार्ट मागणार. त्या दिवसांत परीक्षेचा फॉर्म, बँकेचं काम, मुलाखत ठेवू नका. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली ॲक्टिव्ह अवर्स आहेत. तिथे दिवसाचे जास्तीत जास्त 18 तास राखून ठेवता येतात, तेवढ्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही. महत्त्वाचं काम तोंडावर असेल तर तिथेच पॉज अपडेट्स आहे. घरगुती विंडोजवरही 35 दिवसांपर्यंत अपडेट थांबवता येतं. ती मुदत संपली की आधी अपडेट घ्यावंच लागतं, मगच पुन्हा थांबवता येतं.

बंद करतानाही घाई नको. डेस्कटॉपवर ऑल्ट एफ-फोर दाबलं की शटडाउनची खिडकी उघडते. तिथे बाण दाबून एकेक पर्याय ऐका. "अपडेट अँड शटडाउन" निवडलं गेलं आणि तुम्ही लगेच झाकण लावून बस पकडायला निघालात, तर बॅगेत मशीन तापणार आणि अपडेट मध्येच अडकणार.

व्हिडिओ बघून अपडेटची सर्व्हिसच कायमची बंद करणारे बरेच भेटतात. मला त्यांचा राग समजतो, तरी हा मार्ग चुकीचा. सुरक्षेची भोकं उघडी राहतात आणि पुढे ब्राउझर, स्क्रीनरीडर सगळेच साथ सोडतात. विंडोज 7 वर चालणारी एनव्हीडीएची शेवटची मालिका 2023.3 होती. 2024.1 पासून किमान विंडोज 8.1 लागतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरणाऱ्यांनी हेही तपासावं : ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचं, असं ठेवलं असेल तर बहुतेक अपडेट आपोआप उतरतच नाहीत, आणि महिनोन्‌महिन्यांचा ढीग एकदम अंगावर येतो.

अपडेट झालं, विंडोज सुरू झालं असं वाटतंय, पण आवाज नाही. आता क्रमानं जा. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा. गप्पच असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर. यानं नॅरेटर सुरू होतो, पासवर्डच्या पडद्यावरसुद्धा. तोही बोलत नसेल तर दोष स्क्रीनरीडरचा नसून बहुधा आवाजाच्या ड्रायव्हरचा, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा आहे. इथे यूएसबीचा साधा हेडफोन जीव वाचवतो. त्यात स्वतःचं साउंड कार्ड असतं आणि विंडोज त्याला आपल्याजवळच्या ड्रायव्हरनं चालवतं. लावला, आठ-दहा सेकंद थांबलं की अनेकदा बोलणं सुरू होतं. एचडीएमआयनं मॉनिटर जोडलेला असेल तर ती वायर काढून पाहा, आवाज तिकडे वळलेला असू शकतो. आणि कधी कधी अपडेटचा काही संबंधच नसतो. चुकून इन्सर्टबरोबर एस दाबलं गेलेलं असतं आणि एनव्हीडीएचं बोलणं बंद झालेलं असतं.

आवाज परत आला की दोन गोष्टी करून ठेवा. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याची खूण आहे, ती लावा. टूल्समधून एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी, म्हणजे न बसवता चालणारी प्रत, बनवून पेनड्राइव्हवर ठेवा. ती साइन-इनच्या पडद्यावर चालत नाही, पण आत शिरल्यावर बसवलेलं एनव्हीडीए बिघडलं असेल तर तीच उपयोगी पडते.

विंडोज आणि एनव्हीडीए एकाच दिवशी बदलू नका. काय बिघडलं, कशामुळे बिघडलं, काही कळत नाही. एनव्हीडीएच्या दर वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे 2024.1, 2025.1 अशा आकड्याच्या, जुने ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, बंद पडू शकतात. बसवताना तशी सूचना येते, ती न ऐकता एंटर मारू नका. विशेषतः तुमचा मराठी आवाज ॲड-ऑनमधून येत असेल तर. अडचणीला एनव्हीडीएबरोबर येणारा ई-स्पीक हा आवाज असतोच, तो मराठी वाचतो. कानाला खडखडीत लागतो, पण वाचतो.

विंडोजचं अपडेटच खराब निघालं तर अपडेट हिस्टरीमधून ते काढता येतं. नवी आवृत्तीच बसली असेल तर मागे जायला साधारण 10 दिवस मिळतात, तेव्हा "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत बसू नका.

एक पडदा मात्र वेगळाच. डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर अपडेटनंतर कधी तो 48 अंकी रिकव्हरी की मागतो. जुलै 2024 च्या अपडेटनंतर काही कॉम्प्युटरवर हे झालं होतं. तिथे आपला नेहमीचा स्क्रीनरीडर चालत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आजच काढून ठेवा. मी ती लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर ब्रेलमध्ये टोचून ठेवली आहे, सहा-सहा अंकांचे आठ गट, एका ओळीत एक गट. डावा हात कागदावर, उजवा कीबोर्डवर. प्रत्येक ओळ दोनदा चाचपून मगच टाकतो.

फोनवर थोडक्यात : अँड्रॉइडचा स्क्रीनरीडर टॉकबॅक गेला तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरा. बँकेच्या आणि पैशांच्या ॲपचं आपोआप अपडेट प्ले स्टोअरमधून बंद ठेवा. नवी आवृत्ती घेण्याआधी एखाद्या अंध मित्राला विचारा, सगळी बटणं बोलतात का.

आणि शेवटची चूक, जी आपल्यासाठी दुसरेच करतात. लॅपटॉप दुकानात नेला की पोरगा म्हणतो, "फॉरमॅट मारून देतो." मारतो. एनव्हीडीए गेलं, मराठी आवाज गेला, पाच वर्षांच्या नोंदी गेल्या, आणि मूळ दुखणं निव्वळ आवाजाच्या ड्रायव्हरचं होतं. जळगावच्या एका ताईंच्या बाबतीत हे झाल्यापासून मी सगळ्यांना लॅपटॉपच्या बॅगेत एक चिठ्ठी ठेवायला सांगतो. डोळस माणसाकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या : "हा लॅपटॉप अंध व्यक्ती वापरते. आधी आवाजाचा ड्रायव्हर तपासा. मला फोन केल्याशिवाय फॉरमॅट करू नका." खाली तुमचा नंबर.