वजनाचं बायपास किंवा स्लीव्ह ऑपरेशन झाल्यावर वॉटर पार्क, इमॅजिकाला जाताय? खायचं-प्यायचं असं जमवा

मे महिना आला की पोरं मागं लागतात, पार्कला जायचं पार्कला जायचं, आणि ज्यांचं वजनाचं ऑपरेशन झालंय त्यांच्या पोटात तिथंच गोळा येतो की दिवसभर बाहेर खायचं कसं. माझं गॅस्ट्रिक बायपास होऊन दोन वर्षं झाली, मामेभावाचं स्लीव्ह म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन झालंय, आम्ही दोघं आता बिनधास्त जातो, एकदा खोपोलीच्या इमॅजिकाला आणि बाकी वेळा कोल्हापूरच्या आसपासच्या वॉटर पार्कांत. पण पहिल्या वेळी माझे लई हाल झालेले, ते तुमचे होऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. पार्कात लोक काय करतात? उन्हात दोन-तीन तास राइडच्या रांगेत उभं राहतात, तहान लागली तरी थांबतात, भूक लागली तरी थांबतात, आणि मग एक वाजता सगळे मिळून फूड कोर्टला जातात आणि तहान आणि भूक दोन्ही एकदम भागवतात, दहा मिनिटांत. आपल्याला नेमकं हेच चालत नाही. काय खायचं यापेक्षा कधी खायचं आणि कधी प्यायचं हे पार्कात जास्त महत्त्वाचं आहे, मेनू वाईट असला तरी निभतं पण वेळ चुकली की दिवस गेला.

माझं तेच झालेलं. ऑपरेशनला पाच महिने झालेले, एप्रिलचं ऊन, सकाळपासून पाणी नीट प्यायले नव्हते कारण सारखं बाथरूमला कोण जाणार, आणि साडेबाराला स्टॉलवर थंडगार आंब्याचा ज्यूस दिसला तो अर्धा ग्लास गटागटा प्यायले. पंधरा-वीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा, डोळ्यापुढं अंधारी, लॉकरजवळच्या बाकावर आडवी झाले आणि तिकडं पोरगी रडायला लागली. डॉक्टरनी नंतर सांगितलं हेच डंपिंग. बायपासमध्ये जठराची पिशवी साधारण ३० मिली म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढीच राहते आणि खाली जायची वाटही बदललेली असते, त्यामुळं साखर थेट लहान आतड्यात जाऊन पडते, आतडं पाणी ओढून घेतं आणि मग हे सगळं होतं. स्लीव्हवाल्यांचं जठर साधारण ७५-८० टक्के काढलेलं असतं, १००-१५० मिलीची नळी उरते, त्यांना डंपिंग कमी होतं पण होतच नाही असं नाही, शिवाय त्यांना छातीत जळजळ जास्त होते.

तर पहिलं म्हणजे घाई करू नका. लिक्विड, मग मऊ, मग नेहमीचं जेवण, या सगळ्या पायऱ्या संपून डॉक्टरनी नॉर्मल खायला हो म्हटलं पाहिजे आणि राइडबद्दल वेगळं विचारलं पाहिजे, कारण ते खांद्यावरनं आणि पोटावरनं येणारे लॉक चांगलेच दाबतात. माझं मत विचाराल तर तीन-चार महिने जाऊ द्याच. आणि एकदम दिवसभराच्या पार्कला जाण्याआधी प्रॅक्टिस करा. संध्याकाळी रंकाळ्याला जा, सगळे भेळ खात असताना तुम्ही तुमचं काय खाता ते बघा, वेळ लावून खाता येतंय का, चारचौघांत थांबता येतंय का. मग एखाद्या रविवारी कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम करा, तिथं चालायला भरपूर आहे, अर्धा दिवस सहज जातो, पाण्याच्या बाटलीचं आणि खाण्याच्या वेळेचं गणित तिथं कळतं आणि काही बिघडलं तर अर्ध्या तासात घरी येता येतं.

आता डब्याचं. बहुतेक पार्कात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचं खाणं आणि मेडिकल कारण असेल तर बऱ्याच ठिकाणी सोडतात. म्हणून दोन कामं करा, निघायच्या आदल्या दिवशी पार्कला फोन करून विचारा आणि आपल्या सर्जनकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की या पेशंटचं अमुक ऑपरेशन झालंय, दर दोन-तीन तासांनी थोडं खावं लागतं आणि प्रोटीन सोबत ठेवावं लागतं. एका पार्कच्या गेटवर माझी उकडलेली अंडी काढून ठेवायला लावलेली, नाव नको, मी तिथं पाच मिनिटं हुज्जत घातली आणि शेवटी डबा गाडीतच ठेवला. पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठी दाखवली तर एका शब्दानं विचारलं नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्येही ठेवा, वॉटर पार्कात कागद भिजतो.

डब्यात काय, तर उकडलेली अंडी, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. पनीरचे तुकडे तव्यावर थोडे परतून, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, पण १०० ग्रॅम एका वेळी जाणार नाही, तीन-चार तुकड्यांत पोट भरतं. प्रोटीन पावडर कोरडीच छोट्या डबीत घ्या, पाणी आत मिळतं, आणि ती घरी आधी पिऊन बघितलेलीच पाहिजे, नवा फ्लेवर पार्कात ट्राय करू नका. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगितलेलं असतं, फिरायच्या दिवशी ते सगळ्यात आधी बुडतं. अंडी-पनीर उन्हात राहिलं की खराब होतं, म्हणून बर्फाचा पॅक घालून पिशवी, आणि दुपारनंतर उरलेलं सरळ टाकून द्या, जीव अडकवू नका त्यात. फुटाणे चांगले, टिकतात, पण ऑपरेशनला बरेच महिने झाले असतील आणि पीठ होईपर्यंत चावायची सवय असेल तरच.

इमॅजिकाला कोल्हापुरातनं जायचं म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, पार्क उघडायच्या वेळेला पोचायचं तर पहाटे चारला गाडी काढावी लागते. आमच्यात पद्धत अशी की निघायच्या आधी कायतरी पोटात पाहिजे आणि मग साताऱ्याला नाष्टा, पुण्याच्या पुढं चहा. तुम्ही पहाटे फक्त कोमट पाणी घोट घोट घ्या, आणेवाडी टोलच्या आसपास एक अंडं सावकाश, नंतर अर्धा तास काही प्यायचं नाही, आणि मग पुण्यापर्यंत परत पाणी. घाटात खात बसू नका, गाडी वळत असते आणि नीट चावून होत नाही. आणि सगळे मिसळ खायला थांबले तर थांबा की, मटकीची उसळ आपल्याला चालते, कट बाजूला काढायला सांगायचा, फरसाण नको, ब्रेड नको. ब्रेड-पावाचा लाळेनं गोळा होतो आणि तो अडकतो, पिझ्झाच्या बेसचं आणि वडापावच्या पावाचंही तेच.

पार्कात गेल्यावर मोबाईलला अलार्म लावा, हे मी मनापासून सांगते. रांगेत असताना दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी, दिवसाचं दीड लिटर तरी व्हायला पाहिजे, उन्हात त्याहून जास्त, आणि आपल्याला एकदम प्यायला येतच नाही त्यामुळं राहिलेलं पाणी नंतर भरून काढता येत नाही. बाटलीवर खुणा केलेल्या असतील तर कळतं किती गेलं. स्ट्रॉ नको, हवा आत जाते. सोडा, कोल्ड्रिंक काहीही गॅसवालं नको. शहाळं चालतं घोटाघोटानं, ताक उत्तम पण मसाला कमी, कोकम सरबत विचारून घ्या कारण स्टॉलवरच्या सरबतात साखर भरपूर असते. उन्हाचा त्रास होणाऱ्यांनी ओआरएसची पुडी न्यावी, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याच्या पुडीत एक लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, पण गोड फ्लेवरची खोकी मिळतात ती वेगळी, मागचं लेबल वाचल्याशिवाय तोंडाला लावू नका.

जेवण सव्वाबाराला, एकच्या आधी. गर्दी नसते, टेबल मिळतं आणि वीस-पंचवीस मिनिटं बसून खाता येतं, मागं कोण ताट घेऊन उभं राहत नाही. पाणी पावणेबाराला बंद, जेवून झाल्यावर अर्ध्या तासानं परत सुरू. तिकिटासोबत जेवणाचं कॉम्बो किंवा बुफेचं कूपन मिळतं ते स्वतःसाठी घेऊ नका, पाच-सहा घासांना ते पैसे परवडत नाहीत आणि पैसे भरलेत म्हणून दोन घास जास्त जातात, ते दोन घासच त्रास देतात. त्यापेक्षा सुटं मागवा किंवा पोरांच्या ताटातलं घ्या. काउंटरवर काय बघायचं, तर तंदुरी चिकन असेल तर लेग पीस, ब्रेस्ट कोरडं असतं आणि अडकतं. पनीर टिक्का, ऑम्लेट, डाळ, राजमा, भटुरा सोडून नुसते छोले, इडली-सांबार असेल तर सांबारातली डाळ आणि भाजी आधी, इडली शेवटी एखादा तुकडा. दही कुठंही मिळतं. भात मला दोन वर्षांनीही जड जातो, भावाला जात नाही, प्रत्येकाचं वेगळं. फ्राइज, पॉपकॉर्न, मक्याचं कणीस, नूडल्स हे सोडाच. आइस्क्रीम पोरांच्या कपातलं एक चमचा, तोही जेवणानंतर आणि बायपासवाल्यांनी जपून.

घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-तीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा. शिंक किंवा उचकी आली, नाक गळायला लागलं की बऱ्याच जणांना तो पोट भरल्याचा इशारा असतो, तिथं थांबायचं.

अडकलंच तर पाणी पिऊ नका, पाण्यानं ते खाली जात नाही, उलट वर येतं. उठून उभं राहा, सावकाश चाला, तोंडात फेसाळ लाळ येईल ती थुंकून टाका, बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतं. त्यानंतर काही तास फक्त लिक्विड. पण स्वतःची लाळ गिळता येत नसेल, पाणीही टिकत नसेल, पोटात जोरात दुखत असेल, ताप असेल, तर राइड, तिकीट, घरचे काय म्हणतील हे सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना. जेवणानंतर एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले, घाम आला, गरगरलं तर ती साखर उतरलेली असते, अशा वेळी किती आणि काय घ्यायचं हे आधीच डॉक्टरला विचारून ठेवा, आणि डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर ग्लुकोमीटर सोबत पाहिजेच. फर्स्ट एड रूममध्ये डोकेदुखीला गोळी दिली तर बायपास झालंय हे आधी सांगा, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी आपल्याला अल्सर व्हायची भीती असते, कॉम्बिफ्लॅममध्येही आयब्युप्रोफेन आहे.

राइड जेवणानंतर लगेच नको, तासभर तरी जाऊ द्या, तोवर सावलीत बसा किंवा ट्रेन, शो असलं काय असेल ते बघा. ऑपरेशनच्या आधी एका पार्कात माझा राइडचा बेल्ट लागला नव्हता आणि सगळ्या रांगेसमोर मला खाली उतरवलेलं, त्यानंतर मी चार वर्षं कुठल्या पार्कात पाय ठेवला नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदा लॉक टक् करून बसला तेव्हा मी वर जायच्या आधीच रडत होते. म्हणून सांगते, जेवणाच्या भीतीनं घरी बसू नका.

आता आग्रहाचं. आपल्या कोल्हापूरकरांत खायला घालणं म्हणजेच माया, त्यात सासूबाई आणि आत्याबाई सोबत असल्या की 'एवढ्यावर कसं व्हायचं गं, घे की अजून' हे दर वेळी होणार. नको म्हटलं की वाद होतो, ऑपरेशनचं लेक्चर दिलं की त्यांना वाईट वाटतं. मी आता एवढंच म्हणते, 'आत्या, मला दोन तासांनी परत खायचंय, तेवढं बाजूला ठेवा.' त्यांना काम मिळतं, मला वेळ मिळतो, आणि खरंच साडेतीनला त्या स्वतःच हाक मारून पनीरचे तुकडे हातात ठेवतात. ग्रुपमध्ये एका माणसाला तरी आधीच सगळं सांगून ठेवा, डंपिंग कसं दिसतं हेसुद्धा, माझ्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं म्हणून सगळे घाबरले.

परतीला पुण्याच्या पुढं कुठल्यातरी ढाब्यावर गाडी थांबणार आणि तांबडा-पांढरा मागवला जाणार. दमलेलं असताना माणूस भराभर खातो, त्यामुळं हे जेवण दुपारच्यापेक्षा जास्त सांभाळायचं. मटणाचे पीस नको, त्याचे धागे चावून होत नाहीत, खिमा असेल तर चार चमचे घ्या, नाहीतर अंडाकरीतलं अंडं. पांढरा रस्सा आवडतोच सगळ्यांना, पण तो जेवणासोबत प्यायचा नाही, बसल्या बसल्या आधी चार-पाच चमचे घ्या, जेवण येईपर्यंत अर्धा तास जातोच. तांबड्याचा तवंग मला अजून सोसत नाही.

रात्री किणी टोल ओलांडला की उरलेलं पाणी संपवायचं, आणि घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी राहिलेली कॅल्शियमची गोळी घ्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवून.