पावसाळ्यात अंड्यावरच्या लाव्यांना यीस्ट देताना

पाऊस लागला की जपानी लावा (क्वेल पक्षी) पाळणाऱ्यांनी आधी खाद्याच्या पोत्याकडे बघावं, यीस्टचं पाकीट नंतर फोडावं. दमट हवेत मका आणि सोयापेंड लगेच ओल धरतात. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं, खाद्याचे गोळे झालेले असले किंवा कुबट वास आला, तर ते खाद्य पक्ष्यांपुढे अजिबात टाकू नका. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि अंडी घटतात. यीस्टच्या पेशींचं आवरण त्यातलं थोडंफार विष धरून ठेवतं, पण त्या भरवशावर खराब खाद्य खपवणं म्हणजे पक्षी गमावणं.

खाद्य कोरडं असेल तर जिवंत यीस्ट (सॅकरोमायसिस सेरेव्हिसी) जरूर देऊन बघा. आतड्यातल्या उपयोगी जंतूंना त्याचा आधार मिळतो, पचनाला मदत होते. घेताना दर ग्रॅममागे जिवंत पेशी किती आणि मुदत कधीपर्यंत, एवढं तरी वाचाच. मेलेल्या यीस्टची पूडही बाजारात मिळते. तिला प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी जिवंत जंतू) समजू नका.

मात्रा पाकिटावरचीच धरा. समजा टनाला 1 किलो लिहिलंय. अंड्यावरचा एक पक्षी दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम खातो. म्हणजे 500 पक्ष्यांना फार तर 15 किलो खाद्य आणि त्यात यीस्ट अवघं 15 ग्रॅम! एवढीशी पूड थेट ढिगावर भुरभुरली तर एका पिंजऱ्याला सगळी आणि दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून आधी ती अर्धा किलो मक्याच्या भरड्यात कालवा, ते मिश्रण चार-पाच किलो खाद्यात आणि मग सगळ्यात. गरम पाण्यात कालवू नका, यीस्ट मरतं. यीस्टही एक बुरशीच, म्हणून पक्ष्यांना बुरशीवर मोरचूद (कॉपर सल्फेट) चालू असेल तर तेवढे दिवस यीस्ट थांबवा. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड कोरड्या जागी ठेवा.

ढगाळ दिवसांत अंडी कमी झाली तर आधी उजेड मोजा. दिवे धरून 14 ते 16 तास हवाच. कवच पातळ असेल तर कॅल्शियम तपासा. या दोन्हींची भरपाई यीस्ट करत नाही.

सगळ्या शेडला एकदम सुरू करू नका. एकाच वयाचे निम्मे पक्षी यीस्टवर, निम्मे नेहमीच्या खाद्यावर ठेवा. लावे बहुतेक अंडी दुपारनंतर घालतात, तेव्हा मोजणी रोज संध्याकाळी उशिरा, ठरलेल्या वेळीच करा. महिनाभर अंडी, खाद्य आणि मर वेगवेगळी लिहा. फरक पाकिटाच्या किमतीपेक्षा जास्त दिसला, तरच पुढचं पाकीट आणा.