व्हीटेक लॉक केल्याशिवाय पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर मोजू नका

न्यू जर्सीतल्या गॅरेजमध्ये मी होंडाचं जोड-इंजिन बांधत होतो. इंटेग्राचा बी१८बी ब्लॉक आणि त्यावर १९९९ च्या सिव्हिक एसआयचं बी१६ए२ हेड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅम असलेला वरचा भाग. हे हेड व्हीटेकचं: कॅमवर छोटे आणि मोठा असे लोब (उंचवटे) असतात, आणि ऑइल प्रेशरने रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) पिना सरकून लॉक झाल्या की व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर चालतात. दोन्हींचा बोअर ८१ मिमी, त्यामुळे जोडी जमते. पण पिस्टन नवे, कॅम जास्त लिफ्टचे (व्हॉल्व्ह जास्त उघडणारे), आणि हेड आधी कुणीतरी घासून घेतलेलं. म्हणजे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला आपटणार नाही ना, हे बघायला दोघांमधलं अंतर मोजणं आलंच.

पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांत मुलांची खेळायची माती दाबली, वर तेलाचा हात फिरवला. जुनं गॅस्केट, पूर्ण टॉर्क, टायमिंग बेल्ट, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, तोही घड्याळाच्या उलट, कारण बी सिरीज तशीच फिरते. हेड काढून माती ब्लेडने कापली. इनटेक व्हॉल्व्हखाली उरलेली जाडी, म्हणजेच अंतर, ३ मिमीच्या वर! फार आनंद झाला.

रात्री झोपताना लक्षात आलं: ऑइल प्रेशर नाही, म्हणजे रॉकरच्या पिना सरकल्याच नाहीत. मी मोजलं ते छोट्या लोबचं अंतर. मोठा लोब तर नुसताच फिरला होता.

सकाळी पिना लॉक करून सगळं पुन्हा केलं. इनटेक १.६ मिमी. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ हवं, असं मी धरतो. अ‍ॅडजस्टेबल गिअरवर इनटेक कॅम थोडा मागे घेतला, म्हणजे व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडेल, पुन्हा माती लावली. २.१ आलं. एक्झॉस्ट २.८. मगच नवं गॅस्केट बसवलं.