फ्लॅट भाड्याने देताय? मग निदान या चुका तरी टाळा

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं आहे आणि माझाही एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, त्यामुळे मालक-भाडेकरूंची भांडणं दोन्हीकडून बघायला मिळतात. आणि चुका त्याच त्या असतात हो. माणसं बदलतात, फ्लॅट बदलतात, चूक तीच. बरं, लोक विचारायला येतात तेही सगळं होऊन गेल्यावर, भाडं थकलं की, नाहीतर भाडेकरू घर सोडत नाही म्हणाला की. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या राहत्या घरांबद्दल आहे, पागडीची घरं आणि दुकानाचे गाळे यांचं गणित वेगळं.

"11 महिन्यांचाच तर आहे, नोटरी करून टाकू"

ही चूक बघितली की माझं डोकं फिरतं. 11 महिन्यांची पद्धत आली कुठून, तर 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोकांनी 11 महिने धरले. पण महाराष्ट्रात हा बचाव चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, त्यात सरळ म्हटलंय की करार लेखी हवा आणि रजिस्टर्ड हवा, मग तो 11 महिन्यांचा असो नाहीतर 3 महिन्यांचा. आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही, एजंटची तर मुळीच नाही. केलं नाही तर 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पण खरी भीती दंडाची नाहीये. त्याच कलमात पुढे असं आहे की करार रजिस्टर नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरलं जाईल, खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत. आणि सिद्ध करायचं कोणी, तर आपण.

आमच्या मामांचं हेच झालं. पुण्यात त्यांचा वन बीएचके, रिटायर झाल्यावर त्या भाड्यावर बराच घरखर्च चालायचा. एजंटने माणूस आणला, चांगला बोलणारा, बायको-मुलगा सोबत, पहिल्या भेटीत मामा-मामींच्या पाया पडला. एजंट म्हणाला काका 11 महिन्यांचाच आहे, रजिस्टर कशाला, उगाच खर्च, नोटरी करतो संध्याकाळपर्यंत. केली. मामांनी तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवला, वर नोटरीचा लाल गोल शिक्का, दोघांच्या सह्या, सगळं अगदी व्यवस्थित दिसत होतं. 11 महिने संपले, माणूस बरा आहे म्हणून मामांनी पुढचा कागद केलाच नाही. भाडं येत राहिलं, मग उशिरा यायला लागलं, मग बंदच झालं. मामा घर सोडा म्हणायला गेले तर तो शांतपणे म्हणाला की आपलं पाच वर्षांचं तोंडी ठरलंय, आणि चेकने दिलेल्या 50 हजारांशिवाय मी दीड लाख डिपॉझिट रोख दिलंय, ते आधी द्या.

रोख दीड लाख मामांनी बघितलेही नव्हते. पण मिळाले नाहीत हे दाखवणार कसं? आम्ही तो फोल्डर घेऊन वकिलांकडे गेलो, त्यांनी तो उघडायच्या आधीच विचारलं, रजिस्टर आहे का? नाही म्हटल्यावर त्यांनी फोल्डर तसाच बाजूला ठेवला. मामींचा चेहरा अजून आठवतो मला. शेवटी थकलेलं भाडं सोडून दिलं, वर त्या माणसाच्या हातात पैसे ठेवले, तेव्हा कुठे किल्ली मिळाली. कोर्टात लढलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो, पण मामांची तब्येत तेवढी नव्हती.

आता वाचवले किती ते बघा. महिना 20 हजार भाडं, 60 हजार परत द्यायचं डिपॉझिट, 11 महिने. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या 10 टक्के वार्षिक व्याजावर मिळून 0.25 टक्के, म्हणजे 2,20,000 अधिक 5,500, त्याचे साधारण पावणेसहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. वर जो करून देतो त्याची फी. अनेकदा हा खर्च भाडेकरू अर्धा वाटून घेतो. आणि हल्ली ऑनलाइन होतं, आधार, अंगठा, वेबकॅमवर फोटो, माणूस मशीन घेऊन घरी येतो. एवढ्यासाठी थांबायला ज्यांना वेळ नाही त्यांनी फ्लॅट भाड्याने देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रजिस्टर्ड करार असला आणि मुदत संपून भाडेकरू गेला नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे तो लेखी करारच निर्णायक पुरावा धरतात, बचाव करायचा तर भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत तशी परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिला त्या काळाची दुप्पट दराने भरपाई लागू होते. हा रस्ता नोटरीवाल्या मामांसाठी जवळजवळ बंदच होता.

माझी सवय सांगतो. मी 11 महिन्यांचा करार करतच नाही, एकदम 36 महिन्यांचा करतो, दरवर्षी किती वाढ ते आकड्यात लिहितो, पहिले काही महिने दोघांनाही लॉक-इन, म्हणजे तेवढ्यात करार कोणीच मोडायचा नाही, त्यानंतर कोणीही एक महिन्याची नोटीस द्यावी. एजंट लोक 11 महिन्यांवर अडून बसतात कारण रिन्यूअलला परत ब्रोकरेज मिळतं. त्यांचा धंदा आहे, करू द्या, आपण ऐकायलाच पाहिजे असं नाही. आणि करार संपायच्या दोन महिने आधीचं रिमाइंडर फोनमध्ये टाकून ठेवा, माणूस कितीही चांगला असला तरी मुदत संपलेल्या कागदावर एक दिवससुद्धा राहू देऊ नका.

माणूस बघताना भलतंच बघणं

आडनाव विचारतात, व्हेज की नॉनव्हेज विचारतात, लग्न झालंय का विचारतात, आणि नोकरी खरंच आहे का हे विचारत नाहीत. या सगळ्या चौकश्यांचा भाडं वेळेवर येण्याशी काडीचा संबंध नाही. मी बघितलेले सगळ्यात सरळ भाडेकरू चार बॅचलर पोरं होती, जाताना भिंतींना रंग देऊन गेली. विचारायचंच असेल तर ऑफिसचं आयकार्ड, मागचे दोन-तीन पगार जमा झालेलं स्टेटमेंट, आणि आधीच्या घरमालकाचा नंबर मागा. त्या आधीच्या मालकाला फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे. आताच्या मालकाला तो भाडेकरू घालवायचाच असेल तर खोटं गोड बोलेल, म्हणून मी त्याच्याही आधीच्याला करतो.

पोलिस व्हेरिफिकेशन किल्ली द्यायच्या आधी. ऑनलाइन फॉर्म आहे. पोलिस आयुक्तांचे आदेश असतात आणि नाही केलं तर गुन्हा मालकावर.

फोन आला की कटकट

काही मालकांना भाडं दर महिन्याला हवं पण भाडेकरूचा फोन नको. आमच्याच सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, मालक दुसऱ्या शहरात. भाडेकरू बाईंनी किचनच्या सिंकखाली पाणी ठिबकतंय म्हणून फोन केला, हे म्हणाले ताई एवढ्या तेवढ्यासाठी फोन नका करू, तुमचं तुम्ही बघा. त्यांनी काय बघायचं, खाली बादली ठेवली, पाइपला फडकं गुंडाळलं. पुढे त्या काही बोलल्याच नाहीत. पाणी ओट्याखालून स्लॅबमध्ये मुरत राहिलं आणि पावसाळ्यानंतर खालच्या मजल्यावरच्यांच्या पीओपीला पिवळे डाग पडून एक दिवस तुकडाच खाली आला. ट्रॉलीच्या फळ्या फुगल्या, खालच्यांची भरपाई, वॉटरप्रूफिंग, सगळं मालकाच्या गळ्यात. मुळात दोष होता तो कपलिंगच्या रबरी वॉशरचा.

भाडेकरूने गळती लगेच सांगावी असं वाटत असेल तर पहिल्या फोनला तुम्ही कसं बोलता यावर सगळं आहे. मी माझ्या प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर भाडेकरूला देऊन ठेवतो, ठरावीक रकमेपर्यंत न विचारता करून घ्या, बिल पाठवा, पुढच्या भाड्यातून कापा. कोणी याचा गैरफायदा घेतलेला मला आठवत नाही. बल्ब, नळाच्या जाळ्या हे भाडेकरूचं, भिंतीतला पाइप, वायरिंग, गीझर बंद पडणं हे आपलं, हे करारातच लिहा.

राग आला म्हणून पाणी-लाइट तोडणं

अजिबात नाही. भाडं चार महिने थकलेलं असलं तरी नाही. आवश्यक सोयी तोडणं त्याच भाडे नियंत्रण कायद्याने गुन्हा आहे, आणि कुलूप बदललंत तर पोलिस तुम्हालाच बोलावतील. आमचे मामाही यावर आले होते, त्यांना हात धरून थांबवलं.

थोडक्यात आणखी काही

भाडं बँकेतूनच घ्या, डिपॉझिट तर नक्कीच, आणि रक्कम करारात चेक किंवा ट्रान्सफरच्या नंबरसकट लिहा.

बारा वर्षं राहिला की घर भाडेकरूचं होतं, असं काही नसतं. परवानगीने राहणाऱ्याला तसा दावा करता येत नाही. पण या भीतीपोटी दर 11 महिन्यांनी चांगला माणूस घालवू नका.

सोसायटीला आधी कळवा, कराराची कॉपी द्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, संपूर्ण मेंटेनन्स बिलाच्या 10 टक्के नव्हे. जास्त लावत असतील तर लेखी विचारा.

भाडं इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवा. तुम्ही त्या वर्षी भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, पावती दाखवायची गरज नाही. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही.

शेवटच्या दिवसाची घाई

भाडेकरू टेम्पो लावून उभा, मालकाला ऑफिसला जायचंय, दारातच किल्ली घेतात आणि डिपॉझिट ट्रान्सफर करतात. मग नंतर कळतं गीझर तापत नाही. याची तयारी आत येतानाच करायची असते. राहायला येतानाच मी फोनवर सलग व्हिडिओ काढतो, भाडेकरू सोबत असताना, प्रत्येक खोली, कपाटाच्या आतून, टाइल्सचे तडे, फॅन चालू करून, शेवटी लाइट मीटरचं रीडिंग, आणि तो तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो. जाताना तोच व्हिडिओ उघडून दोघं मिळून फिरतो. सगळे नळ सोडतो, फ्लश दोनदा ओढतो, बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून निचरा बघतो, सिंकखाली हात फिरवतो. हे सामान हलल्यावरच करायचं, कारण ओल नेहमी कपाटाच्या मागेच सापडते.

वापराने उडालेला रंग, खिळ्यांची चार भोकं याचे पैसे कापू नका, राहत्या घराला तेवढं होणारच. तुटलेलं असेल ते कापा आणि बिल दाखवा. शेवटचं लाइट बिल यायचं असतं, तेवढे पैसे अंदाजाने ठेवून बाकी डिपॉझिट त्याच दिवशी द्या, महिना-महिना लटकवू नका, त्यानेही कुठेतरी नवीन डिपॉझिट भरलेलं असतं. आणि मुदतीआधी सोडत असेल तर रिकामा ताबा मिळाला, देणंघेणं पूर्ण झालं, असं दोघांच्या सहीचं पत्र करून घ्या, त्याची एक कॉपी सोसायटीच्या ऑफिसात द्या.